जुना दंड आधी सांगा

पनवेल

चि. ओंकार,


तुमच्या मालकांना सेबीने पूर्वी दंड केला होता. रविवारच्या सभेत ते शेअर सुचवणार आहेत आणि भाषणाचा मसुदा तुझ्या हातात आहे. त्यात दंडाचा उल्लेख नाही. तो घाल, आणि शेअरचं नाव येण्याआधी घाल. सेबीच्या 2013 च्या गुंतवणूक सल्लागार नियमांनुसार, येणाऱ्या ग्राहकाला आपल्यावरच्या कारवाईची माहिती देणं बंधनकारकच आहे. दंड भरला, विषय मिटला, आदेश संकेतस्थळावर आहेच, असं तू म्हणशील. दंड भरल्याने सेबीशी हिशेब मिटला. समोरचा माणूस मात्र आज नव्याने विश्वास टाकणार आहे. ताळेबंद वाचता येत नाही म्हणून तर तो तुमच्याकडे येतो. इंग्रजी आदेश तो कुठे धुंडाळत बसेल? आपल्या कर्नाळा बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये रद्द केला. त्या ठेवींसाठी खेटे घातलेली माणसंही सभेला येतील.

सांगून तरी काय उपयोग, हा आक्षेप जास्त जड आहे. शेअर दलाल हर्षद मेहताचं नाव 1992 च्या रोखे घोटाळ्यामुळे घरोघरी पोचलं होतं, तरी त्याच दशकाच्या उत्तरार्धात तो वर्तमानपत्रात लिहून शेअर सुचवू लागला आणि लोक मागे गेले. पुढे 1998 मधल्या बीपीएल, व्हिडिओकॉन, स्टरलाइटच्या भावांतल्या फेरफारावरून सेबीने 2001 मध्ये त्याला बाजारातून कायमचं बाहेर काढलं. पण लोकांना नेमकं काय ठाऊक होतं? ‘बिग बुल’ ही पदवी आणि एसीसीचा 9,000 पर्यंत चढलेला भाव. रोख्यांचा आधार नसलेल्या पावत्यांवर बँकांचा पैसा बाजारात कसा आला, त्या घोटाळ्यात आपली बँक ऑफ कराड कशी बुडाली, हे किती जणांना ठाऊक होतं? नुसत्या बोभाट्याने माणूस सावध होत नाही, उलट भुलतो. म्हणून ‘पूर्वी एक प्रकरण झालं होतं’ एवढ्यावर भागवू नकोस. वर्ष, शेअरचं नाव, नेमकं काय केलं, नुकसान कोणाचं झालं, दंड किती, आणि आता सुचवणार असलेला शेअर मालकांच्या स्वतःच्या खात्यात आहे का, हे सगळं मराठीत, त्यांच्याच तोंडून येऊ दे. काही ग्राहक उठून जातील. जाऊ देत, तो त्यांचा हक्क आहे. मालकांनी हा भाग खोडला, तर निमंत्रणावरचं तुझं नाव सभेआधीच काढून घे.

तुझा,
काका