अठरा, सत्तावीस की बंदच?

गेल्या मे महिन्यात भर दुपारी एका आजींना मुलगा आणि सून दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात घेऊन आले. वय बहात्तर, रक्तदाबाची गोळी सुरू, अंग भट्टीसारखं, जीभ कोरडी ठणठणीत आणि बोलण्यात थोडा घोटाळा. ताप १०३. सकाळपासून तापाच्या दोन गोळ्या देऊन झाल्या होत्या, उतार नव्हता. ओल्या चादरी, वरून पंखा आणि सलाइन लावल्यावर त्या हळूहळू ठिकाणावर आल्या, तेव्हा मी मुलाला विचारलं, "घरी एसी नाही का?"

"आहे ना डॉक्टरसाहेब, आईच्याच खोलीत आहे. पण तिला सोसत नाही. गुडघे धरतात म्हणते. म्हणून बंद ठेवतो."

"लावता तेव्हा कितीवर लावता?"

"अठरावर. आणखी कितीवर लावणार?"

आमच्या नागपुरात हे घरोघरी दिसतं. एसीचे दोनच आकडे लोकांना माहीत आहेत, अठरा आणि बंद. तरुण मंडळींना अठरा हवं असतं. म्हाताऱ्यांना ते झेपत नाही, मग त्यांच्यापुरता एसी बंद. आणि गच्चीखालची ती खोली दुपारी ३८-३९ अंशांवर तापते. ज्याला गारव्याची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच उकडत बसतो. एवढ्या उन्हाळ्यांत मी गारठल्याने दगावलेला पेशंट पाहिला नाही, उकाड्याने खालावलेले मात्र दर मे महिन्यात पाहतो. म्हणून "डॉक्टर, एसी कितीवर ठेवावा?" या प्रश्नाला मी गमतीत घेत नाही. तोही एक प्रकारचा डोसच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रिमोटवर १८ दाबलं की खोली लवकर थंड होते, असं नाही. तो आकडा म्हणजे कुठे थांबायचं याची खूण. बाहेरून तापून आल्यावर तुम्ही १८ दाबा की २६, सुरुवातीला यंत्र जवळपास सारख्याच जोराने चालतं. फरक इतकाच की २६ ला ते दमाने घेतं आणि १८ ला धापा टाकत राहतं. बाहेर ४५ अंश असताना बऱ्याच घरांत ती खोली १८ पर्यंत पोहोचतच नाही, बिल तेवढं पोहोचतं. दुसरं म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर भिंतीवर उंच, एसीच्या पोटात असतो. पलंगावर किती आहे हे त्याला कळत नाही. यासाठी तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा घड्याळासारखा मीटर घ्या आणि उशाजवळ ठेवा. रिमोटपेक्षा त्याचं ऐका.

माझा आकडा विचाराल तर २६ ते २७, आणि सोबत छताचा पंखा मंद. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच आहे: एसी २७ वर आणि जोडीला पंखा, म्हणजे खोली सुमारे चार अंशांनी आणखी गार भासते. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडचे नवे घरगुती एसी मुळातच २४ वर सुरू होतील असे बनवावे लागतात, आणि एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. जपानने तर २००५ मध्ये 'कूल बिझ' नावाची मोहीम काढून कचेऱ्यांमध्ये २८ अंश सुचवले आणि लोकांना कोट-टाय उतरवायला सांगितलं. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये सूट घालून बसणाऱ्या नवरदेवाला हे कोण सांगणार?

पंख्याचं एवढं कौतुक का, ते शरीराच्या बाजूने बघा. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. कातडीचं तापमान ३३-३४ च्या आसपास. खोली त्याहून गार असेल तर ही उष्णता आपोआप निघून जाते. खोली तितकीच किंवा जास्त तापली, तर सगळी भिस्त घामावर. एक लीटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला पाहिजे, नुसता ओघळून उपयोग नाही. पंखा अंगाभोवतीची दमट हवा हलवतो आणि घाम सुकवतो. मात्र खोलीतली हवाच ४० च्या वर गेली तर पंखा अंगावर झळाच फेकतो. मग अंग ओलं केल्याशिवाय नुसत्या पंख्याखाली बसू नये.

याच कारणाने मुंबईच्या भावाचा सल्ला नागपूरच्या बहिणीला लागू पडत नाही. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कुलर ४४ अंशांची हवा २७-२८ वर आणून सोडतो, तेही पाण्याच्या खर्चात. तोच कुलर ठाण्यात किंवा रत्नागिरीत लावलात तर खोलीत फक्त चिकचिक वाढेल. दमट गावात तापमानापेक्षा हवेतलं पाणी काढणं महत्त्वाचं, म्हणून तिथे 'ड्राय' मोडवर २७ सुद्धा सुखाचं वाटतं. कुलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. कुलर आणि एसी एकाच खोलीत एकदम लावणारे महाभाग मी पाहिले आहेत: एक हवेत पाणी भरतो, दुसरा तेच उपसतो, आणि मीटर दोघांचा पळतो. पहिला पाऊस पडला की कुलरचं काम संपलं असं समजा. आणि आठवड्यातून एकदा टाकी कोरडी घासून काढा, डेंग्यूच्या डासाला ती फार आवडते.

आता घरातल्या भांडणाकडे. नवऱ्याला उकडतं, बायको चादर ओढते. यात नखरा कुणाचाच नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की कचेऱ्यांच्या तापमानाची जुनी गणितं साधारण ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचं शरीर धरून बांधलेली आहेत. बाईच्या शरीरात उष्णता सहसा कमी तयार होते. पण पाळी जाण्याच्या वयात हीच बाई रात्री घामाने चिंब होऊन उठते, तेव्हा तिला "आता काय झालं?" असं विचारू नका. पंखा वाढवा. घरात एखाद्यालाच सारखी थंडी वाजत असेल किंवा एखाद्यालाच सारखं उकडत असेल, तर रिमोटवरून वाद घालण्याआधी थायरॉइड तपासून घ्या. माझ्याकडे असे निदान झालेले पेशंट आहेत, ज्यांना बायकोने भांडून पाठवलं होतं.

आकडा ठरवताना खोलीतल्या सगळ्यात नाजूक माणसाकडे बघायचं. साठीच्या पुढे तहान कमी लागते आणि घामही उशिरा सुटतो. त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, लघवी रोखण्यासाठी दिलेली औषधं शरीराची थंड होण्याची ताकद आणखी कमी करतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना एकदा चिठ्ठी दाखवा. अशा घरात दिवसा खोली ३२ च्या खाली राहिलीच पाहिजे. गुडघे धरतात ही तक्रार खरी मानून झोत अंगावर येऊ देऊ नका, पाती वर करा, पायांवर पातळ चादर द्या. पण एसी बंद करू नका.

तान्ह्या बाळाचं उलट होतं. आजी त्याला एसीत कानटोपी, झबलं, दुपटं असं सगळं चढवते. बाळाची उष्णता डोक्यातून बरीच जाते, घरात टोपडं नको. २५-२६ ला सुती झबलं पुरे. तळहात गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात लावा: तिथे घाम असेल तर बाळाला उकडतंय. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी मात्र तुमच्या बालरोगतज्ज्ञांचाच शब्द शेवटचा.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक बघावं. वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या खाली राहायला हवं. उन्हाळ्यात कपाटातलं पेन निकामी होतं आणि साखर का वाढली ते कळत नाही. फ्रिज नसेल तर पाण्याने ओला ठेवलेला माठ चालतो, पेन प्लास्टिकच्या डबीत घालून.

रात्री झोप लागताना शरीर स्वतःच थोडं थंड होतं, म्हणून पहाटे कुडकुडायला होतं. टायमर लावून एसी पूर्ण बंद करण्यापेक्षा झोपताना २६ आणि मध्यरात्रीनंतर २७-२८ करावं. पहाटे खिडक्या सताड उघडा. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच शिळी हवा फिरवतो. जाळी दोन आठवड्यांनी धुवा. 'एसीच्या वाऱ्याने तोंड वाकडं झालं' असं म्हणत येणाऱ्यांना सांगतो की तो चेहऱ्याच्या नसेचा विकार आहे, वाऱ्याला दोष देत दिवस घालवू नका. त्याच दिवशी दाखवा. पक्षाघात नाही ना, हे आधी बघावं लागतं. दमेकऱ्यांची गोष्ट वेगळी, थंड कोरड्या झोताने त्यांची छाती खरोखरच आवळते.

आणि एवढं करूनही उन्हाळ्यात कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग कोरडं तापलं, झटका आला, उठवून जाग येईना, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळीही नको. आजींना ती दोनदा दिली होती, पण उन्हाने चढलेल्या तापावर तिचा काही उपयोग नसतो.