न बसणारी उत्तरं

चि. सोनूस,


परवा दादाचा फोन आला. चाकणच्या कामगारांच्या मुलाखती तू मध्येच थांबवल्यास आणि नोकरी शोधतोयस म्हणे. कारण काय, तर उत्तरं सिद्धांतात बसत नाहीत. ऐकून मला रागच आला. एवढ्यासाठी कुणी काम टाकतं का रे? आणि तेही रोनाल्ड इंगलहार्टची पुस्तकं उशाला घेऊन झोपणाऱ्या मुलानं?

त्या माणसाचंच बघ. मे 1968. फ्रान्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर, कारखाने बंद. औद्योगिक समाजात मतं वर्गाप्रमाणे पडतात, हे राज्यशास्त्राचं तेव्हाचं पाठ गणित. पण जूनच्या निवडणुकीत कितीतरी कामगार राष्ट्राध्यक्ष द गॉलच्या बाजूला गेले, आणि बदल मागत होती ती सुस्थितीतल्या घरांतली तरुण मुलं. मिशिगन विद्यापीठाच्या या तरुण संशोधकानं, इंगलहार्टनं, ही न बसणारी उत्तरं गुंडाळून ठेवली नाहीत. ज्यांनी युद्ध आणि टंचाई सोसली आणि ज्यांनी ती पाहिलीच नाही, त्यांच्या मागण्या एकच असतील का, या प्रश्नाला तो चिकटला.

1970 मध्ये पश्चिम युरोपातल्या सहा देशांत लोकांपुढे चार गोष्टी ठेवल्या गेल्या: देशात सुव्यवस्था, सरकारी निर्णयांत लोकांना अधिक वाव, भाववाढीला आळा, भाषणस्वातंत्र्याचं रक्षण. यातल्या दोन निवडा. म्हाताऱ्यांनी बहुतेक सुव्यवस्था आणि भाववाढ धरली. तरुणांत उरलेल्या दोन धरणारे कितीतरी जास्त निघाले. 1971 मध्ये लेख, 1977 मध्ये ‘द सायलेंट रेव्होल्यूशन’.

टीका झालीच. पोरं मोठी होतील, संसाराला लागतील, मग तीही भाववाढच म्हणतील, असा एक आक्षेप. 1991 मध्ये क्लार्क आणि दत्त यांनी आणखी नेमकं बोट ठेवलं: यादीत भाववाढ आहे, बेकारी कुठे आहे? इंगलहार्ट तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत राहिला, वर्षानुवर्षं. महागाई वाढली की सगळ्या वयांचे आकडे हलायचे, पण पिढ्यांमधलं अंतर बरंचसं टिकायचं. 1981 पासूनच्या पाहण्यांतून जगभरच्या मूल्यांचं सर्वेक्षण उभं राहिलं. शंभरावर देश, त्यांत आपलाही. त्याच्या सिद्धांतापेक्षा मला ही चिकाटी मोठी वाटते. उतारवयात जनमत उलटं फिरताना दिसलं, तेव्हा 2019 मध्ये पिपा नॉरिसबरोबर त्यावरही ग्रंथ लिहिला. 2021 मध्ये, 86 व्या वर्षी गेला. त्या वर्षीही त्याचं नवं पुस्तक निघालं.

आणि तू दीड वर्षात उठतोस?

मी एवढी का चिडते, ते तुझ्या बाबाला ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. मी तेव्हा लालबागच्या चाळींतून छापील फॉर्म घेऊन हिंडायचे. पगार किती, बोनस किती, कर्ज किती. एक बदली कामगार पगाराचं बोलेचना; आपण बापाच्या वयाचे असूनही मुकादम आपल्याला अरेतुरे करतो, हेच परत परत सांगत राहिला. त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मी ते समासात लिहिलं. मग लग्न झालं, नाशिक झालं, फॉर्म माळ्यावर गेले. तो माणूस संपाबद्दल काहीतरी सांगत होता, जे पगाराच्या आकड्यांत मला कधीच सापडलं नसतं. त्याच्याकडे पुन्हा जायला हवं होतं, ही हुरहूर अजून जात नाही.

तुझ्या चाकणच्या कंत्राटी मुलांनीही तसंच काही सांगितलं असेल. ती उत्तरं फेकू नकोस रे. आहेत तशी, त्यांच्या शब्दांत, मला पाठव. आपण दोघं बसून वाचू.

फार बोलले. वहिनी म्हणाली, तू रात्रीचा जेवत नाहीस आणि फेलोशिपचे पैसेही अडकलेत. हे आधी सांगायचंस ना! नोकरीचं मनात आलं ते त्यामुळेच असेल, तर मी उगीच ओरडले. खोलीभाडं मी भरते, दादाला कळवायची गरज नाही. शनिवारी दुपारच्या गाडीनं ये. थालीपीठ लावते. कागद आणलेस तर बरं, नाही आणलेस तरी ये.

तुझी,
आत्या