भाकर सोडून पेजेवर आलात? आधी हे वाचा

ताईंनो, अच्छाड असो नाहीतर डहाणूकडचा एखादा पाडा, बाईचं ताट सगळ्यांच्या शेवटी. ती काय खाते, किती खाते, कोण बघतंय? म्हणून घास अडकायला लागला तरी घरात पत्ता लागत नाही. आधी ती भाकर आमटीत कुस्करते, मग मऊ भातावर येते, मग नुसत्या पेजेवर. तिलाही वाटतं, चाललंय की! पण पेजेवर येणं हीच दुखण्याची खूण आहे.

डॉक्टर विचारतात, काय अडकतं आणि कधीपासून? आधी भाकर, काही आठवड्यांनी भात, मग पाणीही, असं वाढत गेलं तर अन्ननलिका आतून अरुंद होत असावी. दरवेळी तो कर्करोगच असतो असं नाही. जुन्या आम्लपित्तानेही नलिका आवळते. पण सोबत वजन उतरत असेल, आवाज बसला असेल, उलटीत रक्त दिसत असेल, तर आठवडाही घालवू नका. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असेल तर नलिकेच्या स्नायूंचा बिघाड असू शकतो.

गिळणं अचानक बंद झालं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो लकवा असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. तोंडात पाणी किंवा औषध घालू नका, ते फुफ्फुसात जातं.

एक कारण बायकांमध्येच जास्त दिसतं. अंगात लोह फार दिवस कमी राहिलं की काहींच्या अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला पातळ पडदा धरतो आणि घास तिथे थांबतो. हे क्वचित होतं आणि बऱ्याचदा लोहाच्या गोळ्यांनी सुधारतं. मात्र पुढे कर्करोगाचा धोका राहतो, म्हणून तपासणी सुटता कामा नये. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या डब्यात पडून असतील तर बाहेर काढा.

आणि मशेरी. भाजली म्हणून ती काही औषध होत नाही, तंबाखूच ती. तंबाखू आणि सुपारी दोन्हींनी तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग होतो. सुपारीने तोंड उघडेनासंही होतं.

आधी तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात जा. गरज असेल तर ते मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतील. त्यात तोंडावाटे बारीक नळी घालून अन्ननलिका आतून बघतात. तुकडा काढला तर रोग पसरतो, ही भीती खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय रोग कोणता ते कळतच नाही. निघताना रेशनकार्ड आणि आधार पिशवीत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत होतात.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एवढं एकमेकींना विचारा: हल्ली भाकर कोणी सोडली आहे का? जी गप्प बसेल तिच्याबरोबर दोघी जणी दवाखान्यात जा.