अक्षर, कान आणि स्मरण : साधने आपल्या आकलनाला कसा आकार देतात?

सूरह अन-नहलच्या ७८ व्या आयतीत मानवाला त्याच्या आरंभाची आठवण करून दिली आहे. मातेच्या उदरातून तो बाहेर आला तेव्हा त्याला काहीच ज्ञात नव्हते. मग अल्लाहने त्याला श्रवण दिले, दृष्टी दिली आणि जाणणारे अंतःकरण दिले. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत याच तिघांविषयी जाब विचारला जाईल, असे बजावले आहे. म्हणजे कान, डोळे आणि अंतःकरण या अमानती आहेत. आता अमानतीचे स्वरूप ज्या गोष्टीने बदलते तिची चौकशी करणे हे धारकाचे कर्तव्य ठरते. कान आणि डोळे जन्मतः मिळतात खरे, पण काय ऐकू यावे आणि काय दिसावे हे पुष्कळसे आपल्या हातातील साधनांवर अवलंबून असते. लेखणी, छापील पान, ध्वनिमुद्रण, पडदा यांपैकी कोणतेही साधन मनाला न वळवता नुसते हाताशी पडून राहत नाही.

हा विषय फार मोठा आहे. म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ या, जे प्रत्येक मुस्लिम घरात आहे : पवित्र कुरआन आपल्यापर्यंत ज्या ज्या साधनांनी पोहोचले, त्या साधनांनी वाचणाऱ्याच्या मनाचे काय केले?

प्रारंभी साधन होते ते कान आणि जिव्हा. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) दरवर्षी रमजानमध्ये हजरत जिब्रील (अ.) यांच्यासोबत कुरआनची उजळणी करीत आणि अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली, असे सहीह बुखारीत नमूद आहे. लिहून घेणारे सहाबाही होते, पण लेखन हे स्मरणाच्या सोबतीला होते. पुढे हिजरी सन १२ मध्ये यमामाच्या युद्धात अनेक कारी शहीद झाले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून हजरत अबू बक्र (रजि.) यांनी संकलनाचे काम हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सोपविले. त्यांनी खजुरीच्या फांद्या, पातळ दगड आणि लोकांची हृदये या सर्वांतून कुरआन गोळा केला. ‘लोकांची हृदये’ हा शब्दप्रयोग येथे अलंकार नव्हे. स्मरण हा पुरावा मानला गेला होता.

त्या काळच्या लिपीकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अक्षरांवर नुक्ते क्वचितच असत आणि जबर, जेर, पेश तर नव्हतेच. शब्दाच्या मध्ये आलेले बे, ते, से, नून आणि ये ही पाच अक्षरे एकाच दातासारखी दिसत. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण मराठी वाचकाने स्वतःच्या लिपीचाच अनुभव आठवावा. ‘चार’ आणि ‘चारा’ या दोन शब्दांतील ‘च’ आपण वेगवेगळा उच्चारतो. लिपीत मात्र अक्षर एकच आहे. ज्याने मराठी कानाने घेतली आहे तो चुकत नाही. ज्याने केवळ पुस्तकातून घेतली तो हमखास चुकतो. कुरआनची आरंभीची लिपी अशीच होती : जाणणाऱ्याला स्मरण देणारी, न जाणणाऱ्याला अपुरी. ती वाचण्यासाठी कोणापाशी तरी बसावेच लागे.

इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला आणि ही व्यवस्था अपुरी पडू लागली. परंपरेनुसार अबुल-अस्वद अद-दुअली यांनी स्वरांसाठी रंगीत ठिपके योजले, पुढच्या पिढीत सारख्या दिसणाऱ्या अक्षरांवर नुक्ते स्थिरावले आणि खलील बिन अहमद यांनी स्वरचिन्हांना आजचे रूप दिले. ही आपल्यासारख्या बिगर-अरबांवर झालेली केवढी कृपा! सातारा-सांगलीच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या गावातील मूल आज अर्थ न कळताही शुद्ध पठण करू शकते, ते या चिन्हांमुळेच. परंतु याच सुधारणेने एक नवी शक्यताही निर्माण केली. कोणाचेही न ऐकता, केवळ डोळ्यांनी कुरआन ‘वाचता’ येऊ लागला.

लेखनामुळे बुद्धी कशी बदलते याचा विचार इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात केला आहे. ते सांगतात की हस्तकला माणसाच्या बुद्धीत भर घालतात आणि त्यांत लेखन व गणित यांचा वाटा सर्वाधिक असतो. कारण लिहिणारा-वाचणारा अक्षरांच्या आकृतीवरून शब्दाकडे जातो, शब्दावरून अर्थाकडे जातो. एका खुणेवरून दुसरीकडे जाण्याची ही सवय जडली की तीच विचारशक्ती बनते. साधन आणि मन यांच्या नात्याविषयी इतक्या नेमकेपणाने त्या काळी फार थोड्यांनी लिहिले असेल. त्याच ग्रंथात त्यांनी मगरिब, अंदलुस, इफ्रिकिया आणि पूर्वेकडील प्रदेश यांच्या बालशिक्षणाची तुलना केली आहे. केवळ कुरआन पाठ करविणाऱ्या मगरिबी पद्धतीत लिपी आणि पाठ उत्तम होतो, पण भाषेवरची पकड कच्ची राहते, असे त्यांचे निरीक्षण होते. पद्धत बदलली की मन बदलते, हे त्यांना दिसले होते.

आता आपल्या घरात येऊ या. मराठी भाषिक मुस्लिम कुटुंबांत देवनागरीत छापलेल्या सूरह आणि दुआ मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. ज्यांना बालपणी मकतब लाभले नाही, त्यांना या पुस्तकांनी नमाज शिकविली आहे. त्यांची थट्टा करणे अन्यायाचे होईल. तरीही हे साधन कानाला काय शिकविते हे नीट पाहिले पाहिजे. अरबीतील सीन, साद आणि से ही तीन अक्षरे देवनागरीत एकाच ‘स’मध्ये येऊन बसतात. जाल, जे, जाद आणि जो या चारही अक्षरांचा ‘ज’ होतो. दोन प्रकारचे ह एक होतात. ऐन तर बहुधा नाहीसाच होतो. हिंदी प्रकाशक निदान अक्षराखाली टिंब देतात. मराठी मुद्रणात ती रूढी नाही.

परिणाम पाहा. मोठ्या काफने लिहिलेला ‘कल्ब’ म्हणजे हृदय. छोट्या काफने लिहिलेला ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. ऐनने आरंभ होणारा ‘अलीम’ म्हणजे सर्वज्ञ, जे अल्लाहचे गुणनाम आहे. हम्जाने आरंभ होणारा ‘अलीम’ म्हणजे वेदनादायक, जो शब्द शिक्षेच्या वर्णनात येतो. देवनागरीच्या पानावर या दोन्ही जोड्यांत केसाचाही फरक नाही. आणि खरी अडचण उच्चार चुकतो एवढ्यापुरती नाही. ज्याच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षे एकच अक्षर पाहिले, त्याच्या कानाला पुढे फरक ऐकूच येत नाही. उस्ताद दोनदा म्हणून दाखवितात आणि शिकणारा प्रामाणिकपणे सांगतो, “हजरत, मी तेच तर म्हणतो आहे.” तो खोटे बोलत नसतो. लिपीने त्याच्या कानाभोवती कुंपण घातलेले असते.

म्हणून माझे मत असे : देवनागरी ही शिडी म्हणून वापरावी. प्रौढांनीही नूरानी कायदा हाती घेण्यास संकोच करू नये. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्यासाठी दुहेरी पुण्य असल्याची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि ती अशाच लोकांना धीर देणारी आहे.

छपाईची कथा निराळी आहे. अरबी खिळ्यांनी संपूर्ण कुरआन प्रथम छापला तो १५३७-३८ च्या सुमारास व्हेनिसमध्ये, पगानिनी नावाच्या ख्रिस्ती मुद्रकांनी. त्यात अक्षरांच्या चुका राहिल्या आणि त्याची आज एकच प्रत ज्ञात आहे. मुद्रक आपल्या कलेत निष्णात होते, पण त्या मजकुराला जोखणारा कान त्यांच्याकडे नव्हता. मुस्लिम समाजाने खिळ्यांच्या छपाईला पुष्कळ काळ जवळ केले नाही. याला केवळ हट्ट म्हणणे बरोबर नाही. जुळून वाहणारी लिपी खिळ्यांमध्ये तुटत असे आणि शतकानुशतके सुबक हस्ताक्षरावर पोसलेल्या डोळ्याला ते पान परके वाटे. जर्मनीत अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाप्रेसचा शोध लागला. तिच्यात कातिबाचे हस्ताक्षर जसेच्या तसे उमटते. मग मात्र हिंदुस्थानात मुंबई, कानपूर, लखनौ येथून कुरआनच्या प्रती घरोघर पोहोचल्या. (लखनौच्या ज्या छापखान्याने यात मोठे काम केले त्याचे मालक मुन्शी नवल किशोर होते, हेही स्मरणात असावे.)

छापील प्रतीने स्मरणाला जे दिले ते हस्तलिखिताला देता आले नव्हते : सर्वत्र एकसारखे पान. पंधरा ओळींच्या हाफिजी कुरआनात प्रत्येक पान आयतीच्या समाप्तीवर संपते आणि एक पारा साधारण वीस पृष्ठांत बसतो. एखाद्या हाफिजसाहेबांना मध्येच आयत विचारा. ते क्षणभर डोळे मिटतील आणि सांगतील की ती उजव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत आहे. त्यांच्या स्मरणात ध्वनीसोबत जागाही साठविलेली असते.

या जागेचे मोल मिळत्याजुळत्या आयतींत कळते. सूरह अल-बकराच्या ६२ व्या आयतीत नसारांचा उल्लेख साबिईंच्या आधी येतो. सूरह अल-माइदाच्या ६९ व्या आयतीत साबिई आधी आणि नसारा नंतर येतात. सूरह अल-हजच्या १७ व्या आयतीत हा दुसराच क्रम असून पुढे मजूसींची भर पडते. केवळ ध्वनीवर विसंबणारा येथे एका सूरहमधून दुसरीत घसरतो. ज्याच्या डोळ्यांसमोर पान उभे राहते तो सावरतो. म्हणूनच अनुभवी उस्ताद हिफ्जच्या मध्यावर प्रत बदलू देत नाहीत. १९८४ पासून मदीनेच्या छापखान्यातून निघणारी प्रतही पंधरा ओळींचीच आहे, पण तिची पाने व चिन्हे आपल्याकडील प्रतीपेक्षा वेगळी आहेत. हजहून येताना आजोबांनी आणलेली ती प्रेमाची भेट अर्धा कुरआन पाठ झालेल्या नातवाच्या हाती देऊ नये. तिलावतीसाठी घरात ठेवावी.

ध्वनिमुद्रणाने कान पुन्हा मध्यभागी आणला. कैरोचे कारी शेख महमूद खलील अल-हुसरी यांनी १९६१ साली संपूर्ण कुरआनचे पठण ध्वनिमुद्रित केले आणि १९६४ मध्ये कैरोत केवळ कुरआनासाठी रेडिओ केंद्र सुरू झाले. आज कोणत्याही खेड्यात शुद्ध उच्चार ऐकण्यास मिळतो. यात लाभच लाभ आहे. उणीव एवढीच की ध्वनिफीत ऐकविते, ऐकत नाही.

आणि आता मोबाइल. अनेक माता विचारतात की मुलाला मोबाइलवर कुरआन शिकवावा का. माझे उत्तर साधनाच्या रचनेपासून सुरू होते. ज्या ॲपमध्ये आयती एकाखाली एक सरकत जातात तेथे पान नाही, उजवी-डावी बाजू नाही. अक्षर मोठे केले की ओळी बदलतात. स्मरणाला टेकण्यासाठी जागाच उरत नाही. याउलट जे ॲप छापील प्रतीचे पान जसेच्या तसे दाखविते ते प्रवासात उजळणीसाठी उपयोगी आहे. हिफ्ज करणाऱ्याने पहिल्या प्रकारापासून दूर राहावे.

दुसरी हानी अर्थाची आहे आणि ती मोठ्यांची होते. पडद्यावर आयत सुटी येते, चित्रावर छापून, समूहातून पुढे पाठविली जाते. सूरह अल-माऊनची चौथी आयत अशी सुटी काढली तर ती नमाज पढणाऱ्यांनाच विनाशाची ताकीद वाटेल. पाचवी आयत वाचल्यावर कळते की ती आपल्या नमाजविषयी गाफील असणाऱ्यांना आहे. शोधाच्या चौकटीत शब्द घातला की शंभर आयती समोर येतात, पण मागची-पुढची आयत आपणहून येत नाही. असे वर्षभर वाचणाऱ्याला कुरआन हा सुट्या वचनांचा संग्रह वाटू लागतो. सूरहचा ओघ त्याला जाणवत नाही आणि जाणवत नाही हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

हदीसमध्ये कुरआनच्या सोबत्याची तुलना बांधलेल्या उंटांच्या धन्याशी केली आहे : लक्ष ठेवले तर ते राहतात, सोडले तर निघून जातात. मदरशांतील सबक, सबक पारा आणि आमोख्ता ही तिहेरी व्यवस्था हे या हदीसचेच रूप आहे : आजचा नवा पाठ, अलीकडचा पाठ आणि जुना पाठ, तिन्ही रोज कोणाला तरी ऐकवायचे. घरात हाफिज नसला तरी हे शक्य आहे. मूल पठण करीत असताना वडिलांनी किंवा आईने प्रत उघडून ओळीवर बोट ठेवावे आणि चुकले तेथे थांबवावे. यात ऐकणाऱ्याचाही पाठ पक्का होतो.

नमाजमध्ये प्रत पाहून पठण करावे की नाही, यावर फुकहांत मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याने नमाज बिघडते, कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्यांचे अनुयायी आहेत त्या शाफई मतानुसार त्याची परवानगी आहे. आपल्या मशिदींत तरावीहची रूढी मात्र सर्वत्र स्मरणाची आहे. पुढे हाफिज उभा असतो आणि त्याच्या मागे, पहिल्या सफमध्ये, सामे उभा असतो. दोघांच्याही हाती काही नसते. हाफिज अडखळला की सामे पुढचा शब्द उच्चारतो, हाफिज तो उचलतो आणि पठण पुढे चालू होते.