हेल्पर की साधे एचटीएमएल?

प्रश्न : रेल्सच्या टेम्प्लेटमध्ये हेल्पर वापरावेत की सरळ एचटीएमएल लिहावे? हेल्परमुळे पान संथ होते, असे सहकारी म्हणतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : हेल्पर म्हणजे एचटीएमएल तयार करून देणारे फंक्शन, ते सर्व्हरवर चालते, ब्राउझरला साधे एचटीएमएलच मिळते आणि डेटाबेसच्या तुलनेत त्याला लागणारा वेळ सहसा नगण्य असतो, त्यामुळे आपण त्या धास्तीने हेल्पर टाळू नयेत. शीर्षके, परिच्छेद हाताने लिहिलेलेच बरे. फॉर्मसाठी मात्र ‘फॉर्म_विथ’ वापरावा, कारण फॉर्म आपल्याच संकेतस्थळावरून आल्याची खात्री पटवणारे टोकन तो आपोआप घालतो. हाताने लिहिताना ते हमखास राहते आणि रेल्स असा फॉर्म सहसा नाकारते. वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरावर ‘एचटीएमएल_सेफ’ कधीही लावू नये, कारण त्याने मजकूर निर्धोक होत नाही, उलट 2010 मधील रेल्स 3 पासून आपोआप मिळणारे संरक्षणच निघून जाते.