शाफ्टमधली दोन वर्तुळं

चि. छोटीस,


"मामा, पाइप काढलाय, पण चिन्हच दिसत नाही," असं परवा फोनवर म्हणालीस. घाईत बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितो आहे.

रेव्हिट सॉफ्टवेअरमध्ये आधी व्ह्यूची डिटेल लेव्हल बघ. कोर्स आणि मीडियमला पाइप एका रेषेत दिसतो, फाइनला दोन रेषांत. डक्ट मात्र मीडियमलाच दुहेरी होतो. तेव्हा एसीवाल्यांच्या शीटवरून अंदाज बांधू नकोस. वर-खाली जाणाऱ्या पाइपचं चिन्ह पायपिंग सिस्टिमच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये 'राइज/ड्रॉप'खाली निवडायचं असतं. ते एकेरी रेषेसाठी वेगळं, दुहेरीसाठी वेगळं, आणि प्रत्येक सिस्टिमला स्वतंत्र. थंड पाण्याला लावलं म्हणून ड्रेनेजला लागत नाही. एवढं करूनही दिसलं नाही तर व्ह्यू रेंज तपास. बाथरूमचे वेस्ट पाइप स्लॅबखाली लटकलेले असतात. व्ह्यू डेप्थ मजल्याच्या पातळीलाच थांबली तर ते दिसणार कुठून?

एकेरी रेषेच्या चिन्हाचा आकार छापील कागदावर ठरलेला राहतो, स्केल कोणतंही असो. ३ मिमीचं वर्तुळ १:१०० ला प्रत्यक्षातली ३०० मिमी जागा खातं. शाफ्टमध्ये पाइप त्याहून जवळ असतात, म्हणून वर्तुळं एकमेकांवर चढतात. शाफ्ट १:२० ला वेगळा काढ.

आता खरी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला एका निवासी इमारतीचं काम माझ्याकडे होतं. शाफ्टमध्ये पंपापासून गच्चीवरच्या टाकीकडे जाणारा रायझर आणि टाकीतून फ्लॅटना पाणी देणारा डाउनटेक शेजारी शेजारी होते. मधल्या मजल्यावर दोन्ही पाइप वरूनही येतात आणि खालीही जातात, त्यामुळे चिन्ह दोघांचं सारखंच उमटलं. मी रंग वेगळे दिले होते. साइटवर गेली काळी-पांढरी झेरॉक्स. प्लंबरने दोन फ्लॅटचं कनेक्शन रायझरला दिलं. टेस्टिंगच्या दिवशी त्या फ्लॅटमध्ये पंप चालू असेपर्यंतच पाणी का येतं, म्हणून शोधलं तेव्हा उमगलं. तयार झालेला शाफ्ट फोडावा लागला. चूक प्लंबरची नव्हती. कागदावर जे होतं तेच त्याने वाचलं.

सॉफ्टवेअरला पाइप कुठे जातो ते कळतं. पाणी कुठे जातं ते आपल्याला सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक उभ्या पाइपशेजारी टॅग हवा: रायझर की डाउनटेक, व्यास किती, पाण्याचा बाण कुठल्या दिशेने. रंग खुशाल दे, पण रेषेचा प्रकारही वेगळा ठेव. शीटच्या कोपऱ्यात चिन्हांची सूची न चुकता टाक, कारण ठिपक्याचं वर्तुळ म्हणजे काय, हे प्रत्येक ऑफिसात एकच असेल असं नाही. सूची नसलेली शीट मी अपुरी समजतो, मग मॉडेल कितीही देखणं असो.

आणि एकदा साइटवर जा. स्लॅबखाली, अंधारात, ओल्या हाताने ए३ कागद धरून प्लंबर उभा असतो. त्याला तुझं मॉडेल फिरवून बघता येत नाही.

पहिली शाफ्टची शीट झाली की साहेबांना देण्याआधी काळ्या-पांढऱ्यात प्रिंट काढ आणि त्याचा फोटो मला पाठव. मी वाट बघतो.

तुझा,
मामा