निवृत्तीनंतर गळ आणि घर: कोल्हापूर जिल्ह्यात कुठे राहावं, किती खर्च येतो

आधी निकाल, मग हिशोब. पेन्शनवर भागवायचं, दवाखाना हाताशी हवा आणि आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी पाण्यात गळ टाकून बसायचं, असा तुमचा बेत असेल तर कोल्हापूर जिल्ह्यात पहिली पसंती गडहिंग्लजला द्या. नदी अगदी जवळ हवी असेल तर गारगोटी किंवा मुरगूड. हृदयाचा, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर जयसिंगपूर. राधानगरी आणि गगनबावड्याला फिरायला जरूर जा, पण उतारवयात घर तिथे नको.

गाव कोणतंही ठरवा, पहिलं वर्ष भाड्यानं राहा. एक अख्खा पावसाळा तिथे काढा. मगच विकत घ्यायचा विचार करा.

गाव निवडताना काय पाहायचं

गडहिंग्लज: कोल्हापूरपासून साधारण 65 ते 70 किलोमीटर. नगरपरिषद, उपजिल्हा रुग्णालय, खासगी दवाखाने, बँका, एसटी आगार, सगळं गावातच. संकेश्वरला महामार्ग लागतो, त्यामुळे मोठ्या उपचारासाठी कोल्हापूर आणि बेळगाव असे दोन पर्याय राहतात. मासेमारीसाठी हिरण्यकेशीवरचे बंधारे आणि आजऱ्याच्या बाजूला चित्री धरण. उणीव एकच: हिरण्यकेशीला पूर आला की भडगाव पुलाकडचा रस्ता अडू शकतो. घर नदीपलीकडे बघत असाल तर हे आधी विचारा.

गारगोटी: भुदरगड तालुक्याचं ठिकाण, वेदगंगेचा काठ. वर पाटगावला मौनीसागर जलाशय. कारभार ग्रामपंचायतीचा, त्यामुळे घरफाळा शहराच्या मानानं हलका. रुग्णालय ग्रामीण दर्जाचं, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरसाठी कोल्हापूर गाठावं लागतं. पन्नासच्या आसपास किलोमीटर आणि वाटेत उसाच्या ट्रॉल्या. गाळप हंगामात दीड तास धरून चाला.

मुरगूड: कागल तालुक्यातलं नगरपरिषदेचं छोटं शहर. वेदगंगा जवळ, सर पिराजीराव तलाव गावाला लागून. या तलावावर गळ टाकण्याआधी नगरपरिषदेत विचारा. कागलला पोचलात की महामार्ग आणि पुढे कोल्हापूर.

आजरा: पाणी, झाडी, शांतता उत्तम. पाऊसही तितकाच. दमा आणि सांधेदुखी असणाऱ्यांनी तिथे घर घेण्याआधी जुलै महिना राहून पाहावा. गडहिंग्लजला राहून सकाळी आजऱ्याला जाऊन दुपारी परत येणं सहज जमतं.

जयसिंगपूर: आखीवरेखीव रस्ते, रेल्वे स्टेशन, आणि मिरजेचे दवाखाने अर्ध्या तासावर. औषधोपचार सतत चालू असणाऱ्यांसाठी याहून सोयीचं गाव जिल्ह्यात नाही. मासे धरायला मात्र कृष्णेवर जा. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला पंचगंगेचं पाणी सांडपाण्यानं आणि कारखान्यांच्या पाण्यानं खराब झालेलं असतं. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. तिथला मासा खाऊ नका, कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

दराआधी पूररेषा

मासा देणारी नदीच घरात शिरते, हे कोल्हापूरकरांना 2005, 2019 आणि 2021 ला तीनदा कळलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि नदीकाठची गावं पाण्यात होती.

घर पाहायला जाल तेव्हा दोन शब्द लक्षात ठेवा: निळी रेषा आणि लाल रेषा. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या निवासी बांधकामाला परवानगी मिळत नाही. दोन्ही रेषांच्या मधे जोतं उंच घेण्यासारख्या अटी असतात. नकाशा पाटबंधारे विभागाकडे आणि नगरपरिषदेच्या नगररचना विभागात पाहायला मिळतो. सर्व्हे नंबर घेऊनच जा.

कागद पाहून झाला की गल्लीत चक्कर मारा. जुन्या घरांच्या भिंतींवर 2019 च्या पाण्याची पिवळट रेघ अजून कुठे कुठे दिसते. नुकताच रंग दिलेली एकच भिंत दिसली तर शेजारच्या घरात विचारा: पाणी कुठपर्यंत आलं होतं, किती दिवस राहिलं, वीज कधी आली? तळमजला गुडघ्यांना सोयीचा, पण पूरपट्ट्यात आधी तोच बुडतो. तिथे लिफ्ट असलेला पहिला मजला बरा.

भाड्यानं राहायचा खर्च

करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू, चालतंय’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत करारच कामी येतो.

सरकारी खर्च फार नाही. समजा भाडं 7,000 रुपये, अनामत 30,000 रुपये, मुदत 11 महिने. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के लागतं, तेही एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं वर्षाला 10 टक्के दरानं धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. एकूण भाडं 77,000, व्याज 2,750. मुद्रांक शुल्क झालं सुमारे 200 रुपये. नोंदणी शुल्क शहरी हद्दीत 1,000 आणि ग्रामीण हद्दीत 500. वर दस्त हाताळणीचे थोडे पैसे. म्हणजे सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास. एजंट पाच हजार सांगत असेल तर वरचे पैसे त्याच्या मेहनतान्याचे आहेत. द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण सरकारी फी म्हणून देऊ नका.

कागद: दोघांचं आधार, पॅन, फोटो, दोन साक्षीदार. अंगठ्याची पडताळणी होते, त्यामुळे ज्येष्ठांनी आधारवरचे ठसे जुळतात का ते आधी तपासून घ्यावं. बोटांच्या रेषा झिजल्यामुळे काम अडतं आणि हेलपाटा पडतो.

करारात चार गोष्टी लिहून घ्या: पाणीपट्टी कोणी भरायची, घरफाळा कोणी, मेंटेनन्स भाड्यात धरलेला की वेगळा, आणि अनामत किती दिवसांत परत. उन्हाळ्यात टँकर लागतो का, हेही विचारा.

विकत घ्यायचा खर्च

घराची किंमत ही खर्चाची सुरुवात आहे. मुद्रांक शुल्क हद्दीप्रमाणे बदलतं. महापालिका हद्दीत 6 टक्के धरा, ग्रामपंचायतीत कमी. करारातली किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर ते मोजतात. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर जात नाही. घर फक्त घरातल्या स्त्रीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ही सवलत नाही. 30 लाखांच्या घरात हा फरक 30,000 रुपयांचा आहे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी लागतो: 45 लाखांपर्यंतच्या, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटला 1 टक्का, बाकीच्यांना 5 टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटला लागत नाही. बिल्डर ‘पझेशन तयार आहे’ म्हणाला तरी दाखला हातात घेऊन बघा. प्रकल्प मोठा असेल तर महारेरा नंबर मागा. वीज मीटर, पार्किंग, एकरकमी मेंटेनन्स, सोसायटी स्थापनेचा खर्च हे आकडे दराबाहेर ठेवलेले असतात. सगळ्यांची बेरीज लेखी मागा.

जुनं घर घेताय? घरफाळा, पाणीपट्टी आणि वीजबिल यांची थकबाकी नसल्याचा दाखला विक्रेत्याकडून घ्या. राहिलेली थकबाकी घरासोबत तुमच्याकडे येते.

प्लॉट घेताय? इथे सर्वात जास्त सावध राहा. ऑनलाइन डिजिटल सातबारा 15 रुपयांत मिळतो, तो स्वतः काढा. विक्रेत्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. सातबारावर तीन गोष्टी पाहा. एक, भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. दोन, ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा, कूळ किंवा पुनर्वसनाचा शेरा आहे का. या जिल्ह्यात धरणं बरीच, त्यामुळे पुनर्वसनाच्या जमिनीही बऱ्याच. तीन, बिगरशेती (एनए) आदेश आहे का. शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. ‘गुंठ्यावर घ्या, एनए नंतर होतंय’ हे वाक्य ऐकलंत की तिथून निघा. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घ्या. त्याची फी ही वाचवायची रक्कम नव्हे.

‘थोडी रक्कम रोख द्या’ ही मागणी येतेच. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही. व्यवहार मोडला तर रोख दिलेल्या पैशाचा पुरावा तुमच्याकडे नसतो.

गळ टाकायची परवानगी

धरण आणि तलाव मासेमारीसाठी ठेक्यानं दिलेले असतात, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज त्या संस्थेनं पैसे घालून सोडलेलं असतं. त्यामुळे आधी विचारा, मग बसा. कोणत्या पाण्याचा ठेका कोणाकडे आहे हे कोल्हापूरच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात कळतं. नदीबद्दलही तिथेच विचारा. संस्थेनं पैसे सांगितले तर हे विचारून घ्या: दिवसाचे की महिन्याचे, किती गळांचे, आणि मासा घरी न्यायचा तर किलोमागे वेगळे का? पावती घ्या. काठावर येऊन तोंडी पैसे मागणाऱ्याला पावतीशिवाय काही देऊ नका.

अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. राधानगरी आणि दाजीपूरच्या बाजूला ही हद्द पाण्यालगत येते. धरणाची भिंत आणि सांडवा टाळा. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून 1,428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं. पावसाळ्यात खालच्या अंगाला पात्रात बसू नका.

बंधाऱ्यावर बसण्याचा हंगाम दिवाळीनंतर ते मे. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, पाणी तुंबतं आणि चिलापी, मरळ, वाम, शिंगटी काठाला मिळतात. बरगे काढण्याच्या दिवसांत तिथे थांबू नका, ओढ जबर असते. बंधाऱ्याच्या दगडांवर शेवाळ धरतं, चप्पल घसरते. तळाला पकड असलेले बूट घाला आणि एकटे जाऊ नका. पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे मासे धरू नका. ते धरले तर पुढच्या वर्षी नदीत मासा उरत नाही.

सामानाचा खर्च नगण्य: काठी, दोरा, गळ, बुडी मिळून काहीशे रुपये. गांडुळं बांधावर मिळतात, कणकेचा गोळा घरात.

गाव बदलताना करायची कामं

खासगी नोकरीतली ईपीएस पेन्शन 2025 पासून कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून मिळते, बदलीसाठी अर्ज नको. राज्य सरकारी पेन्शन असेल तर कोषागाराशी बोला. दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका.

एसटीत 65 ते 75 वयाला निम्मं भाडं, 75 पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत. महिलांना सर्व वयात निम्मं भाडं. वयाचा पुरावा जवळ ठेवा.

वय 70 पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. घर ठरवण्याआधी जवळचं कोणतं रुग्णालय या योजनेत आहे ते पाहा, आणि रात्री दोन वाजता रुग्णवाहिका किती वेळात येते ते शेजाऱ्यांना विचारा.

आता क्रम लक्षात ठेवा: आधी दवाखाना, मग पूररेषा, मग सातबारा, आणि सर्वात शेवटी मासे. निवृत्तीची रक्कम एकदाच हातात येते. विसार देण्याआधी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा आणि मुलांना, वकिलाला, शेजाऱ्याला विचारूनच सही करा.